सीमाभागातून पहिल्यांदा कॉलेजात जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतून पी.यू.ला (म्हणजे अकरावी-बारावीला) किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारी मुलं-मुली आणि त्यांचे आई-वडील दर जूनला साधारण हेच प्रश्न विचारतात. मी याच भागात शिकवते, त्यामुळे काही उत्तरांत माझं मत डोकावेल. ते पटलं नाही तर सोडून द्या. नियम मात्र सोडू नका, आणि ते वर्षागणिक बदलतात म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः उघडून बघा.

दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलो. आता फिजिक्सपासून अकाउंटन्सीपर्यंत सगळं इंग्रजीत. झेपेल का?

झेपतं. पण दिवाळीपर्यंत जड जातं, हे आधीच सांगून ठेवते. जुलै-ऑगस्टमध्ये घाबरून सायन्स सोडणारी मुलं मी बघते तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यांना विषय कळत नसतो असं नाही. परावर्तन, पेशी, वर्गसमीकरण, नफा-तोटा हे सगळं त्यांना येत असतं. फक्त फळ्यावर ज्या नावाने ते येतं ते नाव ओळखीचं नसतं.

म्हणून पहिल्या दोन महिन्यांत एक वेगळी वही घाला. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूला शाळेत शिकलेला मराठी शब्द. रिफ्लेक्शन म्हणजे परावर्तन, रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन, व्हेलॉसिटी म्हणजे वेग, ॲसेट म्हणजे मालमत्ता, लायबिलिटी म्हणजे देणं. आठवी ते दहावीची मराठी पुस्तकं रद्दीत घालू नका, या कामाला तीच लागतात. उद्याचा धडा आदल्या रात्री नुसता नजरेखालून घालून गेलात तरी वर्गात निम्मे शब्द ओळखीचे लागतात.

गणितवाली मुलं लवकर सावरतात, कारण आकडे कुठल्याच भाषेचे नसतात. बायोलॉजी, बिझनेस स्टडीज, इकॉनॉमिक्स यांत वाक्यं लिहावी लागतात, तिथे वेळ लागतो. त्यावर गाइड पाठ करणं हा उपाय नव्हे. रोज दहा ओळी स्वतःच्या इंग्रजीत लिहा, चुकीच्या असल्या तरी चालतील, आणि त्या कुणाकडून तरी तपासून घ्या. पहिल्याच महिन्यात स्पोकन इंग्लिशच्या क्लासला मोठी फी भरायची घाई करू नका. परीक्षेत बोलायचं नसतं, तीन तास लिहायचं असतं.

आणि विचारा. मागच्या बाकावर गप्प बसलेला मुलगा हुशार आहे की हरवलाय, हे शिकवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. “सर, हे एकदा मराठीत सांगा की,” एवढं म्हणायला लाजू नका. या भागातले बरेच शिक्षक तिन्ही भाषा मिसळूनच बोलतात. शिक्षक कन्नड असतील आणि वर्गात धीर झाला नाही, तर तास संपल्यावर गाठा. पी.यू.ला जिथे शिक्षक आहेत तिथे भाषा विषय म्हणून मराठी घेता येते. प्रवेशाच्या दिवशीच चौकशी करा, नंतर बदलून मिळणं अवघड जातं.

कन्नड जेमतेम येतं. ऑफिसात गेलं की घाम फुटतो. काय करावं?

या प्रश्नात आपल्याकडे राजकारण लगेच शिरतं, म्हणून माझं मत सरळ सांगते. मराठीसाठी आग्रह धरणं आणि कन्नड येणं यांत काही भांडण नाही. कचेरी, बँक, बस, दवाखाना, पुढे नोकरी, सगळीकडे कन्नड येणाऱ्याचं काम एका फेरीत होतं आणि न येणाऱ्याला तीन फेऱ्या पडतात.

शाळेत शिकलेली अक्षरं विसरू देऊ नका. जाता-येता बसच्या पाट्या वाचायच्या, हा फुकटचा सराव आहे. खिडकीपाशी तीन वाक्यं हमखास उपयोगी पडतात. “स्वल्प निधानवागि हेळी”, म्हणजे जरा सावकाश सांगा. “अर्जी एल्लि कोडबेकु?”, म्हणजे अर्ज कुठे द्यायचा? आणि “बरेदु कोडी”, म्हणजे लिहून द्या. तिसरं सगळ्यात कामाचं, कारण लिहून घेतलेलं घरी येऊन कुणालाही दाखवता येतं.

इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी: विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, म्हणजे व्हीटीयूच्या, अभ्यासक्रमात कन्नडचा पेपर आहे. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी ‘बळके कन्नड’ असा रोजच्या वापराचा सोपा पेपर असतो. त्याची धास्ती घेऊ नका.

बारावीनंतर कर्नाटकात राहावं की महाराष्ट्रात जावं?

दोन्ही दारं ठोठवा. सीमेवर राहण्याचा त्रास आपण भोगतोच, तर तिचा एवढा फायदाही घ्यावा.

कर्नाटकातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी केसीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा असते. तिच्या सर्वसाधारण पात्रतेत पहिली ते बारावीपैकी सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा दाखला लागतो. जे पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकले त्यांना ग्रामीण कोट्याचा लाभ मिळू शकतो, तो १५ टक्के आहे. आपल्याकडची बहुतेक मुलं खेड्यातली, तरी कितीतरी जण हा कोटा नुसत्या आळसाने घालवतात. दाखल्यावर मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी दोघांच्या सह्या लागतात. परीक्षेनंतरच्या सुट्टीत हे काम उरकून घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात गटशिक्षणाधिकारी कार्यालयाबाहेर अख्खा तालुका उभा असतो.

महाराष्ट्राच्या बाजूला अशीच एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तिकडच्या तांत्रिक प्रवेशप्रक्रियेत ‘टाइप ई’ अशी वेगळी पात्रता ठेवली आहे. त्यासाठी सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दाखले ठरावीक नमुन्यात द्यावे लागतात. दोन्ही सीईटी देणारी मुलं दरवर्षी असतात, आणि दोन्हींचा अभ्यास बराचसा एकच असतो.

निपाणीकरांना तर सीमा रस्त्यावरच ओलांडावी लागते. शेजारच्या अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात येतं आणि शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या, असं असेल तर शिष्यवृत्ती कोणत्या राज्याची आणि बसपास कुणाचा, हे फी भरण्याआधी विचारून घ्या.

जातीच्या दाखल्याचा घोळ इथेच होतो. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३बी प्रवर्गात आहे, महाराष्ट्रातली वर्गवारी वेगळी. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यातल्या आरक्षणाला तसाच चालत नाही. “मावसभावाला मिळालं, मग मला का नाही?” याचं उत्तर बहुधा हेच असतं.

कोणती कागदं आधी करून ठेवावीत?

जात आणि उत्पन्नाचा दाखला नाड कचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढा. त्यावर आर.डी. नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, असतो, तो मोबाइलमध्येही जपून ठेवा. राज्याच्या शिष्यवृत्त्या एसएसपी पोर्टलवरून भरतात आणि तिथे हाच नंबर मागतात. केंद्राच्या शिष्यवृत्त्यांसाठी एनएसपी हे वेगळं पोर्टल आहे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं आधारशी जोडलंय का, हे बँकेत जाऊन विचारा, “असेल” म्हणून सोडू नका.

सगळ्यात जास्त अर्ज नावावरून अडतात. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, दहावीच्या मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरं, आणि आडनाव कन्नडमधून इंग्रजीत येताना एखादं अक्षर गळालेलं. हे दहावी झाल्या झाल्या दुरुस्त करून घ्या, कारण वर्षं जातात तशी दुरुस्तीची कागदं वाढतात.

पदवीचा प्रवेश आणि परीक्षेचे अर्ज यूयूसीएमएस या सरकारी पोर्टलवर भरावे लागतात. सायबर कॅफेवाल्याकडून फॉर्म भरून घ्या हवं तर, पण पासवर्ड आणि मोबाइल नंबर तुमचाच असू दे. त्याचा नंबर घातलेली मुलं पुढे प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभी असतात.

पदवी तीन वर्षांची की चार?

कर्नाटकात २०२१ मध्ये चार वर्षांची रचना आली होती. राज्याच्या शिक्षण धोरणासाठी नेमलेल्या सुखदेव थोरात आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून राज्याच्या विद्यापीठांत पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या महाविद्यालयांनाही हेच लागू आहे. मोठ्या भावंडाच्या वेळचं वेळापत्रक धरून चालू नका.

रोज गावाहून ये-जा करावी की बेळगावात राहावं?

येळ्ळूर, उचगाव, हिंडलगा, कडोली, सांबरा इथली मुलं अर्थातच घरून येतात. प्रश्न पडतो खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांचा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात एखादी बस आली नाही की दिवस गेला. तास बुडतात ते बुडतातच, पण संध्याकाळी बस चुकेल या भीतीने शेवटचं प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळणाऱ्या मुलींचं नुकसान जास्त. अशांनी निदान पहिलं वर्ष वसतिगृहात काढावं असं माझं मत आहे. सरकारच्या समाजकल्याण आणि मागासवर्गीय कल्याण खात्यांची वसतिगृहं आहेत, त्यांचे अर्ज प्रवेशाच्या वेळेलाच निघतात.

खोली घेणार असाल तर डिपॉझिटची पावती घ्या. नात्यातल्या माणसाची खोली असली तरी घ्या, उलट तिथे तर नक्कीच घ्या. पाणी किती दिवसांनी येतं हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. खाणावळीचे पैसे पहिल्या महिन्यात एकदम भरू नका, चार दिवस जेवून बघा.

प्रवासाचं म्हणाल, तर ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी मुलींना आणि बायकांना राज्याच्या साध्या व एक्स्प्रेस बसने राज्याच्या आत फुकट जाता येतं. आंतरराज्य गाड्यांना ती लागू नाही, आणि चंदगडकडून येणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलींनाही नाही. मुलांना विद्यार्थी पास काढावा लागतो, त्याचा अर्ज सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर भरतात. खानापूर-लोंढा मार्गावरच्यांनी रेल्वेचा मासिक पास बघावा, विद्यार्थ्यांना त्यात सवलत आहे.

हजेरी खरंच मोजतात का?

मोजतात. पदवीला साधारण ७५ टक्के धरून चाला, व्हीटीयूचा नियम त्याहून कडक, ८५ टक्क्यांचा आहे. आजारपणाचा दाखला त्याच आठवड्यात द्या.

आपल्याकडे हजेरी बुडण्याचं खरं कारण सिनेमा नसून रोप लावण आहे. जून-जुलैत भाताची लावण आली की घरात माणूस कमी पडतं, आणि कॉलेज नुकतंच सुरू झालेलं असतं. “दोन दिवस ये की” म्हणून बोलावलेलं पोर दहा दिवस चिखलात असतं. घरच्यांना नाही म्हणा, असं मी सांगणार नाही. त्या भातावरच फी भरली जाते. पण कोणते तास बुडवले तर चालतात आणि कोणत्या दिवशी प्रॅक्टिकल किंवा टेस्ट आहे, हे वेळापत्रक दाखवून वडिलांशी आधी बोला. वेळापत्रक समोर ठेवलं की बहुतेक वडील ऐकतात. त्यांना ते कुणी दाखवलेलंच नसतं.

इंटर्नल मार्कांचं एवढं काय?

व्हीटीयूत सध्याच्या रचनेत थिअरी विषयाचे निम्मे मार्क, ५०, वर्षभराच्या कामाचे असतात. त्यात किमान २० लागतात, नाहीतर शेवटच्या परीक्षेलाच बसता येत नाही. बाकी ठिकाणी आकडे वेगळे, गोष्ट तीच. शाळेसारखं शेवटच्या महिन्यात जागून भरून काढणं इथे जमत नाही.

विषय राहिला तर?

बॅक राहणं ही जगबुडी नाही. २०२४ पासून दुसऱ्या पी.यू.ची परीक्षाही एका वर्षात एकापेक्षा जास्त वेळा देता येते. घरी मात्र निकालाच्या दिवशीच सांगा. लपवलेली बॅक लग्नघरात कुणीतरी तिसराच सांगतो.

इंजिनिअरिंगच करायला हवं का?

नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये हाताने काम येणाऱ्या पोराला विचारणारे कायम आहेत. आयटीआयनंतर डिप्लोमाला आणि डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. हा रस्ता लांबचा दिसतो, पण कर्ज कमी होतं.

मला लष्करात जायचंय. मग पदवी कशाला?

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर डोळ्यांसमोर असलेल्या गावात हा प्रश्न येणारच. पहाटे धावणारी पोरं बघितली की बरं वाटतं. पण २०२२ पासून भरती अग्निपथ योजनेतून होते, चार वर्षांसाठी, आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंतच जवानांना पुढे कायम घेतलं जातं. म्हणजे ऐन पंचविशीच्या आत पुन्हा नोकरी शोधायची वेळ येऊ शकते. तेव्हा हातात पदवी किंवा निदान पूर्ण झालेली बारावी असलेली बरी. कॉलेजात एनसीसी असेल तर पहिल्याच वर्षी नाव घाला. ‘सी’ सर्टिफिकेटला भरतीत जादा गुण मिळतात.

वर्गात कन्नड मुलंही आहेत. भाषेवरून वाद झाला तर? मोर्चाला जावं का?

वर्गात वाद क्वचितच होतात. होतात ते मोबाइलवर. रूममध्ये एकाच ताटात जेवणारी दोन पोरं स्टेटसवरून महिनाभर बोलत नाहीत, असं बघितलंय. १ नोव्हेंबरला एकाच शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही असते आणि मराठी माणसांकडून निषेधाचा काळा दिनही पाळला जातो. ज्याला ज्याच्यात जायचंय तो जाईल. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला मी काय सांगणार? आपल्या आजोबा-पणजोबांनी १९५६ पासून या सीमाप्रश्नासाठी सोसलंय, त्याचा मान ठेवूनच एक व्यवहाराची गोष्ट सांगते. दगडफेक, काळं फासणं, चिथावणीची पोस्ट यांतून गुन्हा नोंद झाला की सरकारी नोकरी, लष्कर आणि पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत तो दरवेळी वर येतो. तारखांना हेलपाटे घालायचे ते तुम्ही, तुम्हाला पुढे ढकलणारे नव्हेत. परवानगी घेतलेल्या सभेत उभं राहून घोषणा देणं निराळं आणि रात्री गाडीवर बसून “चल बे” म्हणणाऱ्याच्या मागे जाणं निराळं.

आणि कन्नड मित्र करा. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स कोण देतो हे बघितलं की बरेच गैरसमज जातात.

पैशांच्या बाबतीत कशाला जपावं?

खातं भाड्याने देऊ नका. सध्या कॉलेजच्या पोरांभोवती हाच सापळा जास्त लागलेला दिसतो. “तुझ्या खात्यावर पैसे येतील, काढून दे, हजाराला इतके तुझे,” असं ओळखीचाच कुणी सांगतो. ते पैसे कुणाला तरी फसवून आलेले असतात, खातं गोठतं, आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. एटीएम कार्ड, सिमकार्ड, पासबुक, काहीही दुसऱ्याच्या हाती नको. तुम्हीच फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. झटपट कर्ज देणारी ॲप मोबाइलमध्ये नकोतच.

सीनियर त्रास देतात. तक्रार केली तर जास्त देतील का?

रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. नाव न सांगताही तक्रार करता येते. “जरा मस्करी होती” हे उत्तर कॉलेजने ऐकून घेऊ नये, तुम्हीही घेऊ नका.

घरची फार आठवण येते, रडू येतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

पहिले तीन-चार आठवडे असं बहुतेकांना होतं आणि ओसरतं. शनिवारी घरी जा, रविवारी संध्याकाळी परत या. सोमवारच्या पहाटेची बस धरू नका, तिने अख्खा आठवडा बिघडतो. पण झोप उडाली, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं होत असेल तर ते निव्वळ घरच्या ओढीचं नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो. आपल्याच एखाद्या शिक्षकाला सांगितलंत तरी चालेल. आम्ही वाटतो तेवढे कडक नसतो.

इंग्रजी-कन्नडच्या गडबडीत माझं मराठी सुटेल का?

सुटायचं काही कारण नाही, तुमचं नशीब या बाबतीत चांगलं आहे. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, इंदिरा संतांचं आयुष्य याच गावात गेलं. पण नुसती नावं घेऊन काय होणार? गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, माचीगड अशा खेड्यांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. गावकरी वर्गणी काढून मांडव घालतात, आणि ग्रंथदिंडीत बायका डोक्यावर कलश घेऊन चालतात. एकदा स्वयंसेवक म्हणून राबून बघा. पाहुण्या लेखकांशी जेवणाच्या पंक्तीत गप्पा होतात, भाषण ऐकण्यापेक्षा ते जास्त मोलाचं.

मॅडम, प्रेमात पडलं तर?

पडा. हजेरी सांभाळून.

पहिल्या दिवशी बरोबर काय न्यावं?

फी भरल्याची पावती, आधार आणि मार्क्स कार्डाच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो चार, एक वही, चालणारी दोन पेनं. डबा न्या, कँटीनला पहिल्या दिवशी रांग असते. वर्गात शेजारी बसलेल्याचा नंबर घेऊनच घरी या. आणि बेळगावचा जून आहे, तेव्हा मूळ कागदं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घाला. छत्री असली तरी घाला.